मफलरवाल्यासाठी प्रार्थना

आमच्या कंपनीला ती पोस्ट मिळाली तेव्हा थंडी नुकतीच सुरू होत होती. नियंत्रण रेषेवरची एक डोंगरधार, तिच्यावर पाच बंकर, मागे लंगर, म्हणजे आमची जेवणाची खोली, खाली नाला. नाल्यापलीकडे त्यांची पोस्ट. दुर्बिणीतून त्यांच्या चहाची वाफसुद्धा दिसायची. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं की सीमेवर रात्रंदिवस गोळ्या चालतात. तसं काही नसतं. महिनोन्‌महिने दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बघत बसतात, आणि बघून बघून ओळख होते.

मी तेव्हा नायक होतो आणि एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, माझ्याकडे होती. माझ्या जोडीला, मॅगझिन भरून द्यायला, लान्स नायक शमुवेल. मी दिग्रसचा, तो मारेगावचा. बाकी प्लाटून सातारा-कोल्हापूरकडची. आमचं 'मले-तुले' ऐकून लंगरमध्ये रोज हशा पिकायचा. यवतमाळ जिल्ह्यातले आम्ही दोघंच आणि ख्रिस्तीही दोघंच, त्यामुळे बसणं-उठणं एकत्र.

माझ्या घरी ख्रिस्ती धर्म आजोबांपासूनचा. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालावा तसा मी तो घालायचो आणि सोमवारी खुंटीला टांगायचो. शमुवेलचं तसं नव्हतं. तो लहान असताना त्याच्या आईनं एकटीनं हा मार्ग धरला. भाऊबंदांनी तिला लग्नकार्याला बोलावणं बंद केलं. ती कुणाशी भांडली नाही आणि मागेही फिरली नाही. शमुवेल तिचाच मुलगा होता.

रोज संध्याकाळी अंधार पडता पडता स्टँड-टू असायचा, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन आपापल्या जागी सावध उभं राहायचं. तो संपला की आम्ही दोघं हेल्मेट काखेत धरून वाळूच्या पोत्यांमागे उभे राहायचो, तो माझ्या उजवीकडे. आधी प्रभूची प्रार्थना. मग घरची माणसं, पलटण, सुभेदार साहेबांचा दुखरा गुडघा. आणि सगळ्यात शेवटी शमुवेल समोरच्या पोस्टमधल्यांची नावं घ्यायचा. खरी नावं कुठून कळणार? आम्हीच ठेवलेली. एक पाय ओढत चालायचा, तो लंगड्या. एकाची दाढी पिकलेली, तो म्हातारबुवा. आणि एक लाल मफलरवाला. हा गडी रोज सकाळी बंकरबाहेर येऊन आळोखेपिळोखे द्यायचा आणि मग उन्हाला तोंड करून बराच वेळ उभा राहायचा.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं.

"हे कायले बे?"

"येशूनं शत्रूसाठी प्रार्थना कराले सांगतलं म्हून, भाऊ. आता नुसतं शत्रू-शत्रू म्हटलं त कोणाले पोहचन? आपल्याले त समोर दिसून राह्यले."

हे हवालदार मान्यांच्या कानावर गेलं. साताऱ्याचा भला माणूस, पण तापट. त्यांनी शमुवेलला लंगरमध्येच गाठलं.

"काय रं, उद्या त्याच मफलरवाल्यावर नेम धरायचा झाला तर?"

"धरीन ना, उस्ताद. ड्यूटी हाय."

"मग परार्थना कशापायी?"

"गोळी हुकमाची हाय. प्रार्थना माही हाय."

माने बरेच दिवस धुसफुसत होते. पोरांनी शमुवेलला 'मफलरचा मामा' म्हणायला सुरुवात केली. तो हसून सोडून द्यायचा. मला मात्र राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची. तरी संध्याकाळ झाली की माझे पाय आपोआप पोत्यांकडे वळायचे. त्याच्या शेजारी उभं राहिलं की सगळं सोपं वाटायचं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. खालच्या गावातला एक पोर्टर, म्हणजे पोस्टवर सामान वाहून आणणारा हमाल, पाठीवर रॉकेलचे कॅन घेऊन वर येत होता. समोरून अचानक फायर आला. पोर्टर पायाला लागून वाटेवरच पडला. तिथे आडोसा म्हणून काही नव्हतं.

मान्यांनी रेडिओ उचलला. "टायगर, अल्फा बोलतोय. पोर्टर हिट. उघड्यावर पडलाय. ओव्हर."

"अल्फा, कव्हर देऊन काढा. ओव्हर."

शमुवेलनं भरलेली मॅगझिनं माझ्याकडे सरकवली. "मी जातो, भाऊ. तू फायर चालू ठेव."

माने त्याच्या जागी बसले. मी मफलरवाल्याच्या बंकरवर फायर सुरू केला, कारण तिथूनच गोळ्या येत होत्या. शमुवेल वाकून पळत गेला. पोर्टरला काखेत हात घालून ओढत त्यानं एका खडकापर्यंत आणलं. खडक लहान. पोर्टरला त्यामागे ढकलताना तो स्वतः अर्धा बाहेर राहिला. तेवढ्यात गोळी लागून तो पडला.

समोरच्या बंकरच्या भोकात मला काहीतरी लाल दिसलं. मी पूर्ण मॅगझिन तिथे रिकामं केलं. त्यानंतर त्या बंकरमधून फायर आला नाही.

पोर्टर वाचला. शमुवेल स्ट्रेचरवर डॉक्टरपर्यंत पोहोचायच्या आधीच गेला.

त्या संध्याकाळी स्टँड-टू झाल्यावर मी सवयीनं हेल्मेट काखेत धरलं आणि पोत्यांमागे जाऊन उभा राहिलो. मागे पावलं वाजली. माने होते. टोपी काढून हातात धरलेली.

"म्हण की," ते म्हणाले.

मी सुरुवात केली. सुभेदार साहेबांच्या गुडघ्यापर्यंत आलो. पुढे तोंड उघडेना.

माने हळूच म्हणाले, "त्यांची नावं नगं घेऊस. आज तुला कोण बोल लावणार नाही."

मला तेच ऐकायचं होतं. मी आमेन म्हणून टाकलं.

मारेगावला त्याला सलामी देऊन दफन केलं. पुढे पलटण दुसरीकडे गेली, यथावकाश मीही पेन्शनीत निघालो. आता यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. संध्याकाळी शिफ्ट बदलते तेव्हा मी टोपी काखेत धरून क्षणभर उभा राहतो. माझ्या हाताखालच्या पोरांना वाटतं, साहेबांना गरम होतं. इतकी वर्षं माझी प्रार्थना गुडघ्यापर्यंत जायची आणि थांबायची. ते सुभेदार साहेबही वारले, तरी ती तिथेच थांबायची. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून मला पुष्कळदा वाटलं की हे अर्धंमुर्धं नाटक आता पुरे, उठावं आणि घरी जावं. मला देवाची आठवण येत नव्हती, शमुवेलची येत होती. त्याचा 'भाऊ' म्हणणारा आवाज एकदा उजवीकडून ऐकू यावा, एवढंच मागणं होतं.

तो गेला त्या तारखेला दर वर्षी मी वणीच्या एसटीनं मारेगावला जातो. त्याची आई, मी तिला मावशी म्हणतो, दारातच बसलेली असते. आम्ही कबरीवरचं गवत काढतो, मेणबत्ती लावतो, आणि दुपारच्या गाडीनं मी परततो. यंदा गाडी चुकली. मावशी म्हणाली, "राह्य आता. सकाळी जाजो."

संध्याकाळी तिनं भाकरी टाकल्या, तुरीचं वरण केलं. ताटं वाढली आणि पदर डोक्यावर घेतला.

"तू म्हण, विजू."

मी म्हणायला लागलो. नेहमीच्या जागी आलो आणि थांबलो. मावशीनं डोळे उघडले नाहीत.

"बाकीचे राह्यले," ती म्हणाली.

"कोण, मावशी?"

"लंगड्या, म्हातारबुवा, मफलरवाला. शमुवेल फोनवर सांगे मले. मी रोज नाव घेऊन राह्यली त्यायचं."

"मावशी, त्यांच्याच बंकरमधून..."

"मले ठाऊक हाय. माने भेटाले आलते, त्यायनं सांगतलं."

"इतकी वर्षं कसं म्हणता तुम्ही?"

"पयले पयले दात खाऊन म्हणो. मंग रडून म्हणो. पण सोडलं नाही. पोरगं सांगून गेलं ना."

मग मी तिला ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. "मफलरवाला नसेल आता, मावशी. त्या दिवशी मीच फायर केला. त्यानंतर पोस्ट सोडेपर्यंत रोज दुर्बीण लावून बघितलं. तो उन्हात आलाच नाही."

मावशीनं भाकरीवर फडकं टाकलं, ते पुन्हा सारखं केलं.

"तो नसन त त्याची माय असन ना, बाप्पा," ती म्हणाली. "बसली असन दारात, माह्यासारखी. तिचं नाव घे."

मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. मावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी थांबेपर्यंत तो तसाच ठेवला. मग मी राहिलेली प्रार्थना म्हटली, आणि आम्ही गार झालेल्या भाकरी खाल्ल्या.

आता रोज शिफ्ट बदलताना लोहाऱ्याच्या गेटवर मी सगळी नावं घेतो. आधी लंगड्या, मग म्हातारबुवा, मग मफलरवाल्याची माय. शमुवेलचं नाव शेवटी घेतो, कारण त्याच्यानंतर मला काही म्हणता येत नाही.