यादीत नसलेला राब

मार्गासनीच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा प्रत्येक कामाची यादी करायचो. हिरड्याच्या रोपांचीही केली होती. यादी चोख होती. तरीही त्या रोपांचं जे झालं, ते यादीत कुठंच नव्हतं.

शाळेमागं एका म्हाताऱ्या मावशींचं वावर होतं. बांधावर एकच हिरडा. त्याची फळं वाळवून विकायची, त्यावर त्यांचं मीठमिरची भागायचं. त्या वर्षी वाऱ्यानं झाड मुळासकट आडवं झालं. मावशींनी शेवटची फळं पाटीभर आणून माझ्यापुढं ओतली.

"मास्तर, ह्यातलं एक तरी झाड हुभं करा. ह्या झाडाचं बी आता पुन्ना कुठनं आनू?"

शाळेच्या खड्ड्यात पालापाचोळा आणि शेण वर्षभर कुजत होतं. ते आम्ही चाळलं. काळंभोर, भुसभुशीत खत. दोन पाट्या खत, दोन पाट्या तांबडी माती, एक पाटी नदीची वाळू. आमची नुसती माती वाळली की दगड होते, म्हणून हा खटाटोप. फळांचा गर काढून बिया शेणकाल्यात भिजवल्या. तरंगल्या त्या पोकळ समजून खड्ड्यात फेकल्या, बुडाल्या त्या बांबूच्या टोपल्यांत लावल्या. वहीत दोन रकाने: ठेवलेल्या, टाकलेल्या.

बिया लावून पंधरवडा झाला, तेव्हा मला परीक्षेच्या कामासाठी आठ दिवस भोरला जायचं होतं. मावशींना यादी तीनदा वाचून दाखवली. सकाळी पाणी. दुपारी सावली. शेळ्या हाकलणे. माती उकरून न बघणे.

"पाठ झाली?"

"व्हय की. तुमच्या पोरांपरीस बरी."

परत आलो तर टोपल्यांच्या जागी काळा डाग. बांबूच्या कामट्या जळून गेलेल्या, राखेचे उंचवटे अजून कोमट. कुणी दावा साधला असेल, असंच मला वाटलं. तेवढ्यात मावशी आल्या, तोंडभर हसत.

"बरं झालं आलात. राब दिऊन झाला बगा."

आमच्याकडं भाताचं बी टाकण्याआधी जमिनीवर शेण, पाला, फांद्या पसरून जाळतात. तो राब. राबाशिवाय रोप ही गोष्ट या खोऱ्यात कुणाच्या डोक्यात येत नाही.

"मावशी, बी आत होतं!"

"म्हनून तर वरनं पातळ दिला. दोन दिस पानी तोडलं, आग धरंना म्हनून. तुमच्या यादीत राब ऱ्हायला हुता. म्हनलं, मास्तर शिकलेलं हाईत, पर शेतीतलं इसरलं."

भाताच्या वाफ्यात राब वरच्या वर जळून विझतो. इथं जवळजवळ निम्मं खतच होतं. वाळलेलं ते खत बुडापर्यंत धुमसत गेलं होतं. मी राखेत हात घातला. निघेल ती बी काळी. मावशींनी एक बी चिमटीत दाबली. तिचा भुगा झाला. बोटांकडं बघत त्या तिथंच बसल्या.

"माज्याच हातानं," एवढंच म्हणाल्या.

शेळ्यांसाठी ओळ लिहिणाऱ्या मला आगीसाठी ओळ सुचली नव्हती. ती चूक त्यांची कशी म्हणू?

काहीच सुचेना, तेव्हा सवयीनं फावडं घेऊन खड्ड्याकडं गेलो. निदान नवं खत काढून ठेवावं. विहिरीचं सांडपाणी खड्ड्याच्या ज्या कडेला मुरायचं, तिथं फावडं टाकणार तोच थबकलो. कोवळे, तांबूस कोंब. पाच. हिरड्याचे, टाकलेल्या रकान्यातले.

"मावशी!" मी इतक्या जोरात ओरडलो, की त्या धडपडत आल्या.

कोंबांपाशी वाकल्या, पण हात लावला नाही. म्हणाल्या, "वही काडा. आदी लिवा, राब द्यायचा न्हाई."

मी लिहिलं.

"आता वाचून दावा."

वाचलं. त्यांनी आणखी दोनदा वाचायला लावलं. मग पदर खोचून त्या पाणी आणायला विहिरीवर गेल्या.