बुवांनं पानी मांगतलं

आमच्या रिठद गावाले पुंजाजीबुवा वैद होते. लय मोठं नाव नाही, थोडंसं वावर अन् एक म्हैस, पन नाडी पाहाची तं त्याईनंच. बाईचा डावा हात, मानसाचा उजवा. तीन बोटं टेकवली की डोळे मिटत, अन् मंग घरात कोनी भांडंबी वाजवाचं नाही. नाडी सापावानी सरपटते का बेडकावानी उड्या मारते, ते त्याईले कळे. मले तं माहीबी कधी लागली नाही, खोटं काहून बोलू!

पन रोगी राहीन का जाईन, हे बुवा तोंडानं बोलत नसत. अशुभ कोन बोलन? आशा असली की खांद्यावरच्या उपरन्याले हात पुसत. नसली की म्हनत, "थोडं पानी आना," अन् हात धूत. सारं गाव समजून जाये. मंग रोग्याले बाजेवरून भुईवर घेत, तोंडात तुळशीचं पान ठेवत.

मानमोडीच्या साथीत हात धुऊन धुऊन बुवांची बोटं पांढरी पडली. घरोघर मानसं तापानं जाऊन राह्यली होती. मी माहेरी आलेली, अन् माही भावजय गोजरा तापात पडली. तिचं पोरगं अजून अंगावर पीत होतं.

बुवा आले ते भिंत धरत धरत. गोजराचा डावा हात घेतला, डोळे मिटले. बोटं टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. अन् म्हनाले, "पानी आना."

माह्या मायनं हंबरडा फोडला. भाऊ जगदेव लोटा घेऊन आला तो रडतच. बुवांनं त्यात बोटं बुडवली अन् तिथंच भिंतीपाशी आडवे झाले. त्याईच्याकडं कोनी पाह्यलंबी नाही. साऱ्याईनं गोजराले उचललं, गार भुईवर ठेवलं. मायनं तुळस आनली. आयाबाया जमल्या अन् रडनं सुरू झालं.

गोजराचं डोकं माह्या मांडीवर. छाती खालीवर होऊन राह्यली, अन् हे तिले पोचवून राह्यले! माहं डोस्कंच फिरलं.

"अवं माय, श्वास चालू हाये हिचा! भुईवर काहून घेतलं?"

"बुवांनं पानी मांगतलं ना वं! तुले का त्याईच्याहून जास्त समजते?"

"मंग बुवालेच इचारते," म्हटलं, अन् लोटा उचलून त्याईच्या तोंडावर रिता केला.

बुवा दचकून उठले. डोळे इंगळावानी लाल. बायाईचं रडनं आयकलं, भुईवरची गोजरा पाह्यली, अन् त्याईचं तोंडच उतरलं.

"अरे, मले ताप हाये! माहीच नाडी बोटात ठोकून राह्यली, हिची लागेना. बोटं गार कराले पानी मांगतलं म्या! वर घ्या तिले, वर घ्या!"

ओल्या बोटांनं पुन्हा नाडी धरली. मंग बुवांनं उपरन्याले हात पुसला, जोरात, साऱ्याईले दिसन असा.

गोजरा वाचली. पन तिनं सारं आयकलं होतं. उठून बसली तशी मायले म्हने, "आत्याबाई, माह्यासाठी आता रडू नका. एकदा रडून झालं तुमचं." माय खाली मान घालून चुलीपाशी गेली.

बुवांनं मातर नाडी पाहानं सोडलं. शिरपुराहून, शेलूबाजाराहून लोक गाड्या जुंपून येत. बुवा काढा देत, चाटन देत, पन हात धरत नसत. "ताप मले कधीपासून होता, कोनाले ठाऊक? त्याच्या आंधी ज्याईच्यासाठी हात धुतले, त्याईतलं कोन जगलं असतं?" हेच घोकत राहात. समजावून समजावून आमी थकलो. गोजरा त्याईच्या दारावरून जाता-येता मुद्दाम हात पुढं करे. बुवा हात जोडत अन् घरात जात.

म्हातारपनी बुवा बाजेवर पडले. घोटबी उतरेना. मी अन् गोजरा भेटाले गेलो. त्याईच्या सुनेनं पान्याचा लोटा उशाशी ठेवला होता. गोजरा जवळ बसली, बुवांचा उजवा हात घेतला अन् तीन बोटं टेकवली. तिले नाडीतलं काय कळे, कपाळ!

बुवांनं इचारलं, "काय म्हनते वं?"

गोजरानं लोटा दूर सारला.

"चालू हाये," म्हने, अन् पदराले हात पुसला, जोरात, बुवाले दिसन असा.