एकवीस बाहुल्या आणि एक म्हातारी

१९३१ सालापर्यंत रत्नागिरीच्या वरच्या आळीत एकही लग्न आनंदीबाईंच्या बाहुल्यांवाचून लागले नव्हते. म्हणजे लग्ने भटजीच लावत. पण मुलीकडच्यांनी मांडलेल्या रुखवतात, लाडू-चकल्यांच्या राशींच्या मधोमध, आनंदीबाईंच्या हातची कापडी नवरानवरी बसलेली नसली तर रुखवत बोडके दिसते, असे आळीचे मत होते. हे मत आळीचे होण्याआधी बरीच वर्षे आनंदीबाईंचे होते.

यजमान राजाभाऊ कलेक्टर कचेरीत कारकून. ते कचेरीत गेले, मागची झाकपाक झाली, की आनंदीबाई माजघरात गाठोडे सोडत. मांजरपाटाचे अंग, सावरीचा कापूस, काळ्या लोकरीचे केस. चेहऱ्यासाठी एक पातळ कागद होता. कधीकाळी एका विलायती साबणाच्या खोक्यावर एक सुंदर बाई होती. तिचा चेहरा आनंदीबाईंनी त्या कागदावर उतरवून घेतला होता, आणि तेव्हापासून त्यांनी केलेली प्रत्येक बाहुली त्या बाईसारखी दिसे. बाहुलाही. नवऱ्याला मिशा काढल्या की काम भागे. नवरानवरी सख्खी भावंडे वाटतात, हे आळीत सगळ्यांना दिसत होते. पण गोत्रे पाहून लग्न जमवणाऱ्या माणसांनी बाहुल्यांच्या बाबतीत एवढी चिकित्सा केली नाही.

तोवर आनंदीबाईंनी कोणाचा हेवा केला नव्हता. हेवा करण्याजोगे त्यांना कोणी दिसलेच नव्हते.

मग हौसा आली. हौसा पालीच्या पुढच्या गावची कुणबीण. नवरा बाबल्या मुंबईला गिरणीत, पोरे गावी सासूजवळ, आणि ती आळीतल्या चार घरी कांडप करायची. आनंदीबाईंच्या पडवीतल्या उखळावर तिचा मंगळवार आणि शनिवार असे. एका शनिवारी भात कांडून झाल्यावर तिने पायरीशेजारच्या चिंध्यांकडे बोट दाखवले.

"बाय, ह्या टाकताव काय?"

"टाकतेच आहे. हव्या तर ने."

आयुष्यात आपण किती वाक्ये बोललो याचा हिशेब आनंदीबाईंनी कधी ठेवला नाही, पण हे एक वाक्य परत घेता आले असते तर त्यांनी घेतले असते.

दोन महिन्यांनी त्या शेजारी ठकूताईंकडे विरजण मागायला गेल्या. कोनाड्यात एक वीतभर पुरुष उभा होता. काखेत ट्रंक, टोपी वाकडी, आणि चेहऱ्यावर, शिमग्याला घरी आलो खरा पण आणलेले पैसे बोटीतच संपले, हे आता बायकोला कसे सांगावे, असा भाव. कपड्यांवरून तर तो चाकरमानी दिसत होताच. पण कपडे उतरवले असते तरी चाकरमानीच दिसला असता.

"अगो, हौसाने केलाय," ठकूताई म्हणाल्या. "आमच्यांनी संध्याकाळी पाहिला आणि मला विचारतात, हा पाहुणा कधी आला?"

आनंदीबाईंनी बाहुला हातात घेऊन दाबला. "कापूस नाही हो यात. कोंडा भरलाय. पोरकिडे होतील."

"होईनात! तोवर हसून तर घेऊ."

विरजण न घेताच आनंदीबाई घरी आल्या.

आता त्यांना जे काही होत होते त्याला हेवा म्हणणे शक्य नव्हते. कांडपिणीचा हेवा करायचा तर आधी तिला बरोबरीला बसवायला हवे, आणि हौसा त्यांच्या ओटीच्याही खाली बसे. तेव्हा त्यांनी दुसरी कारणे शोधली. हल्ली तांदळात कण्या फार येतात. हल्ली मुसळाचा आवाज फार होतो. हौसा हसते फार. राजाभाऊ जेवताना म्हणाले, "तांदूळ तर पूर्वीसारखाच लागतो." त्या दिवशी त्यांना ताक मिळाले नाही.

एका मंगळवारी कांडप झाल्यावर हौसा परसातल्या फणसाखाली पाय पसरून बसली होती. मुठीएवढा कोंडा फडक्यात बांधलेला, हातात सुई. कागद नाही, खडूची रेघ नाही. एका बाजूने सुई घालून ती दुसरीकडून काढी, दोरा जरासा ओढी, आणि जिथे नुसते फडके होते तिथे नाकाची कड उभी राही. पुन्हा ओढी, गाल बसे, वय वीस वर्षांनी वाढे. आनंदीबाई विहिरीवरच्या रहाटाला टेकून, रहाट पाहायला आल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"काय बघून करतेस गो?"

"बगून कायच नाय वो बाय. मानूस डोल्यापुढं आला का दोरा आपसूक वढला जातो."

एखाद्या कृतीत इतकी हळद, इतके मीठ असे सांगितले तर बाईला समाधान असते. आपसूक या शब्दावर काय करायचे? आनंदीबाईंनी दुसऱ्या दिवशी माजघराचे दार लावून एका कोऱ्या चेहऱ्यात दोरा ओढून पाहिला. साबणाच्या खोक्यावरच्या बाईला देवी आल्या. त्यांनी तो चेहरा चुलीत घातला आणि कापड जळल्याचा वास कसला, असे उल्काने विचारल्यावर तिलाच रागावल्या.

उल्का त्यांची एकुलती मुलगी. ती जन्मली त्या आठवड्यात राजाभाऊंना आकाशात काहीतरी पडताना दिसले होते, म्हणून हे नाव. हौसा आली त्याच वर्षी तिचे लग्न ठरले. मुलगा भास्कर, मुंबईला शाळामास्तर. घर वेळणेश्वरचे, नारळीपोफळीच्या बागेचे. सगळा भार विहीणबाईंवर. त्यांची ख्याती अशी, की आमटीत तिखट कमी असल्याचे त्यांना वाफेवरून कळे.

आनंदीबाईंनी तेव्हाच ठरवले. आजवर दुसऱ्यांच्या मुलींना नवरानवरी दिली. आपल्या मुलीच्या रुखवतात अख्खी वरात जाईल. नवरा, नवरी, करवल्या, भटजी, ताशेवाले, मशालजी, मिळून एकवीस. आळी पाहील, वेळणेश्वर पाहील, आणि बाहुल्या कोणाच्या, हा प्रश्न कायमचा मिटेल. आठ महिने त्या खपल्या. एकविसांचे चेहरे त्याच कागदावरून उतरले. घोडा बाविसावा, तो मोजला नव्हता, पण थोडा त्याच घराण्यातला दिसे.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी माजघरात रुखवत मांडणे चालू असताना हौसा मागल्या दाराशी आली. पदराखालून तिने काहीतरी काढले.

"उल्काताईस्नी. माझ्याकडनं."

ती तांदूळ निवडणारी म्हातारी होती. पुढ्यात सूप, एक डोळा बारीक, चिमटीत एक खडा, आणि ओठ मुडपलेले. नुसता खडा सापडलेला नव्हता. खडा असणार हे मी म्हणतच होते, असा आनंद त्या तोंडावर होता.

उल्का इतकी हसली की तिच्या हातातली करंजी मोडली. तिने म्हातारीला नेऊन वरातीच्या पुढे बसवले. ती वळली तशी आनंदीबाईंनी म्हातारीला पापडांच्या चवडीमागे सारले. उल्काने पुन्हा पुढे आणले. आनंदीबाईंनी अनारशांच्या परातीआड ठेवले. उल्काने परातच उचलून दुसरीकडे ठेवली. मुलगी उद्या परघरी जाणार, तिच्याशी आज भांडावे कसे? म्हातारी पुढेच राहिली.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या, आणि दुपारी विहीणबाई रुखवत पाहायला माजघरात आल्या. मागे वेळणेश्वरच्या सात-आठ बायका, आळीच्या तितक्याच, पुढे ठकूताई. मागल्या दाराच्या उंबऱ्याबाहेर हौसा धुतलेल्या तांदळाची रोवळी घेऊन थांबलेली. विहीणबाईंनी लाडू बोटाने दाबला. चकलीचा काटा पाहिला. एकवीस जणांच्या वरातीवरून त्यांची नजर पाटावरून पाणी ओघळावे तशी गेली आणि म्हातारीवर थांबली. त्या खाली वाकल्या. त्यांचाही एक डोळा बारीक झाला.

"अगोबाई!" त्या म्हणाल्या. "ही तर माझी आत्तेसासू! ही कोणी केली?"

उल्काने तोंड उघडले.

"मीच," आनंदीबाई म्हणाल्या.

हा शब्द आपण म्हटला हे त्यांना इतरांबरोबरच कळले.

"काय हात आहे हो तुमचा! बोलेलसं वाटतंय." विहीणबाई सरळ झाल्या आणि त्यांनी वरातीकडे पाहिले. "आणि हे सगळे? हे कोणी केले?"

विचारण्यात वाईट काही नव्हते. पण ही म्हातारी करणाऱ्या बाईने ही एकवीस भावंडे केली असतील, हे विहीणबाईंना खरे वाटत नव्हते, आणि ते त्यांच्या आवाजात होते. आनंदीबाईंना दोन वाटा दिसल्या. त्यांतली एक मागे जात होती.

"ते होय," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे हौसा कांडायला येते, तिने केलेत. हौस आहे बिचारीला. म्हटलं मांडू या, तेवढंच बरं वाटेल तिला."

ठकूताईंनी रुखवतातली चकली उचलून तोंडात घातली. उल्का आईकडे पाहतच राहिली; पण ती घटकेपूर्वी सासुरवाशीण झाली होती आणि गप्प राहण्याची सुरुवात तिने माहेरीच केली.

विहीणबाई दाराकडे वळल्या. "तूच का हौसा? छान आहेत हो. चेहरे तेवढे वेगवेगळे करायला शीक. घरात एवढा गुरू आहे तुला, बसत जा त्यांच्यापाशी."

हौसाने रोवळी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली आणि आनंदीबाईंकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर आनंदीबाईंना सोपे गेले असते.

"व्हय," ती म्हणाली. "शिकतंय."

रुखवत मुलाकडे जायचे, ही रीतच. पण निघायच्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "बोटीत एवढी वरात कुठे सांभाळू? म्हातारीला मी मांडीवर घेते. बाकीची ज्या बाईने केली तिलाच देऊन टाका, तिची पोरं खेळतील." आनंदीबाईंनी हौसाला हाक मारली.

चढत्या उन्हात गाड्या जुंपायची वाट पाहत विहीणबाई ओटीवर झोपाळ्यावर बसल्या होत्या, मांडीवर म्हातारी. खाली पायरीशी हौसा एकेक बाहुली बांबूच्या हाऱ्यात रचत होती, आणि आनंदीबाई त्या मोजायला आल्यासारख्या शेजारी उभ्या होत्या. हौसाने नवरा हातात घेतला, उलटा केला, अंगरखा वर सारून पाठ बघितली, मग बगल. नवरी उलटी केली. शिवणीवरून तिने बोट फिरवले.

"बाय," ती हळूच म्हणाली, "ह्यो टाका सुरू कुठनं झाला? आन संपला कुठं? मी घटकाभर शोधतंय. माजी शिवन बगा, डुकरानं उकरल्यागत. म्हातारीला मी पाठीकडनं कोनास दावत नाय. येक डाव मला शिकवा ना."

इतक्या वर्षांत आनंदीबाईंची बाहुली कोणी उलटी करून पाहिली नव्हती. आळीने नाही, ठकूताईंनी नाही, राजाभाऊंनी तर सुलटीही पाहिली नव्हती. गाठ कापसाच्या आत कशी सोडायची, सुई शिवणीतून आडवी कशी न्यायची, दोरा ओढल्यावर वरून नखाने कसे दाबायचे, हे सगळे एकदम त्यांच्या जिभेवर आले.

"काय म्हणतेय ती?" झोपाळ्यावरून विहीणबाईंनी विचारले.

"काही नाही हो," आनंदीबाई म्हणाल्या. "टाका कुठेतरी चुकलाय म्हणते."

हौसाने नवरा-नवरीला हाऱ्यात शेजारी शेजारी निजवले. "मंग चुकलाच आसंल," ती म्हणाली, आणि वरून फडके टाकून, हारा डोक्यावर घेऊन ती पोरांकडे गावाला निघाली.

गाड्या बंदराच्या वाटेला लागल्या. उल्का रडली, विहीणबाईंनी मांडीवरची म्हातारी सावरली, बैलांच्या घुंगरांचा आवाज उताराला लागला. आळी रस्त्यावर येऊन त्या बाजूला पाहत होती. आनंदीबाई आवाराच्या फाटकाशी, बेड्यापाशी उभ्या होत्या आणि पदराने डोळे पुशीत होत्या. राजाभाऊंना गहिवरून आले. ते जवळ गेले, आणि मग थोडे बुचकळ्यात पडले.

"अगो," ते म्हणाले, "मुलगी खाली बंदराकडे गेली. तू पालीच्या रस्त्याकडे काय बघतेस?"