तिसऱ्या देगेचं गणित

आमच्या मराठी मंडळात पाडव्याच्या जेवणाला येणार की नाही, हे कोणी आधी सांगत नाही. विचारलं की 'बघू' म्हणतात. 'बघू' म्हणणारे पाहुण्यांसकट येतात आणि 'नक्की' म्हणणारे गावाला जातात.

त्या वर्षी जेवणाचं काम माझ्या नणंदेकडे होतं. बँकेतली नोकरी सोडून तिने केटरिंग सुरू केलं होतं आणि ही तिची पहिली मोठी ऑर्डर. आधीच्या केटररचा भात कमी पडला म्हणून मंडळाने त्याला नारळ दिला होता. हिचं जेवण पुरलं तर वर्षभराचे सगळे कार्यक्रम हिला, नाही पुरलं तर हिलाही नारळ.

नल्लकुंट्यातल्या भाड्याच्या हॉलमध्ये गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. मागच्या अंगणात मसालेभाताची एक देग शिजत होती. मलकपेठहून आलेला आचारी नणंदेला विचारत होता, "अम्मा, दुसरी देग चढाऊं क्या नक्को? आग जलरी खाली."

"थांबा हो दोन मिनिटं," ती म्हणाली आणि आमच्याकडे वळली. "तुम्ही तिघं एवढे शिकलेले आहात. लोक किती आहेत ते सांगा. एकेकाने स्वतंत्र सांगा, म्हणजे ताळा जुळेल."

आम्ही तिघं म्हणजे मी, माझा नवरा आणि माझा दीर. नवरा पुलांचा इंजिनिअर. दीर अर्थशास्त्र शिकवतो. मी लस बनवणाऱ्या एका कंपनीत पेशी मोजते. पेशी मोजायच्या काचेवर बारीक चौकटी आखलेल्या असतात. कोपऱ्यातल्या चौकटींमधल्या पेशी मोजायच्या आणि गुणाकार करायचा. रेषेवर बसलेली पेशी वरच्या किंवा डाव्या रेषेवर असेल तर धरायची, खालच्या किंवा उजव्या रेषेवर असेल तर सोडायची.

मी हॉलच्या सज्जात गेले. खाली सतरंज्या अंथरलेल्या होत्या, म्हणजे चौकटी आयत्याच मिळाल्या. मी चारी कोपऱ्यांतल्या सतरंज्या मोजल्या. एक काका दोन सतरंज्यांच्या मधोमध बसले होते. उजव्या रेषेवर होते, म्हणून मी त्यांना सोडून दिलं. गुणाकार केला, आकडा भरघोस आला. जिन्यात दीर लॅपटॉप घेऊन बसला होता, त्याला तो सांगितला.

"वहिनी, ही झाली डोकी," तो म्हणाला. "भूक वेगळी. फुकट जेवणाला माणूस घरून उपाशी येतो." त्याने माझा आकडा त्याच्या मॉडेलमध्ये घातला आणि तो आणखी फुगला. तो त्याने माझ्या नवऱ्याला दिला. नवऱ्याने नेहमीप्रमाणे सुरक्षिततेसाठी वर भर घातली. पूल जितका भार येईल असं वाटतं, त्याहून जास्तीचा धरूनच बांधतात. भात कोसळत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

मग नणंदेने एकेकाला विचारलं.

"अजून दोन देगा," मी म्हणाले.

"दोन," दीर म्हणाला.

"किमान दोन," नवरा म्हणाला.

"तिघांचंही एकच आलं की!" तिने आनंदाने आचाऱ्याला दोन बोटं दाखवली. आमचं तिघांचं एकच आलं, कारण मुळात मोजणारी मी एकटीच होते. हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा.

जेवणं सुरू झाली. दोन पंगतींत सगळे बसले. दुसऱ्या देगेचा तळ दिसायला लागला आणि तिसरी देग अजून झाकलेलीच होती.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "लोक कुठे गेले?"

मी सज्जात जाऊन पाहिलं. हॉलच्या चारी कोपऱ्यांत एकेक कूलर होता. सकाळभर सगळं मंडळ त्या चार कूलरांपुढे गठ्ठे करून बसलं होतं आणि मधल्या सतरंज्या कोऱ्या करकरीत होत्या. पेशीसुद्धा अशाच गठ्ठे करतात. म्हणून मोजण्याआधी बाटली नीट हलवायची असते. मी हॉल हलवला नव्हता.

"उरलेला भात अध्यक्षांनी पाहिला तर म्हणतील, हिला अंदाजच नाही," नणंद म्हणाली. "आता तुम्हीच संपवा. उचला बादल्या. आग्रह करा."

आम्ही आग्रह केला. दीर प्रत्येक पानासमोर थांबून म्हणत होता, "काका, भात शिजलेलाच आहे. न खाल्लात तर नुकसान तुमचं." मी ज्या पानात जागा दिसेल तिथे वाढत सुटले. एका बाईंनी 'पुरे' म्हणून पानावर हात आडवा धरला, तर माझ्या नवऱ्याने हातावरच वाढलं.

"अहो, हे काय!"

"थोडाच आहे," तो म्हणाला आणि पुढे गेला.

लोक मठ्ठ्याची वाटी अर्धी टाकून उठायला लागले. एक आजोबा तर पाठीमागच्या दाराने निघाले. तिथे मी उभी होते.

तिसरी देग निम्मी झाली. उरलेला भात आचाऱ्याने डब्यांत भरला आणि निघालेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक डबा दिला. नको म्हणायची ताकद कोणात उरली नव्हती.

शेवटी अध्यक्ष आले. सुलतान बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, बोलणं मोजकं. त्यांनी पोटावरून हात फिरवला. नणंद पदर मुठीत धरून उभी होती.

"जेवण बेस झालं, ताई," ते म्हणाले. "काही कमी पडलं नाही. वर्षभराचं काम तुमचंच."

"हौ का?" ती एवढंच म्हणाली.

"हौ." मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही अजून बादल्या धरून होतो. "फकत हे तीन वाढपी आणायचे नाहीत."

"नाही आणत," नणंद म्हणाली. एका क्षणाचाही विचार न करता.