आठ पैलूंची नळी

ठासणीवाले कोणतीही लांब वस्तू कोणाही माणसाकडे रोखत नसत. छत्री नाही, काठी नाही, झाडावरची फळे काढायचा बांबू नाही. अंगण झाडताना कोणी फाटकातून आत आले, तर ते आधी झाडूचा दांडा जमिनीकडे वळवीत आणि मगच नमस्काराला वाकत. मी हा प्रथम जपानी शिष्टाचार समजलो. या देशात तीस वर्षे काढल्यावरही माणूस अशा चुका करतो. तो शिष्टाचार नव्हता. ती बंदुकीने लावलेली सवय होती.

त्यांचे खरे नाव लिहिण्याचे कारण नाही. आमच्या घरात त्यांना ठासणीवाले म्हणत. नाव माझ्या पत्नीने ठेवले. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक ठासणीची बंदूक होती. तोंडाकडून दारू भरायची, लोखंडी गजाने ती ठासायची, मागच्या बाजूच्या बारीक छिद्राशी चिमूटभर रंजक, म्हणजे पेट देणारी बारीक दारू, ठेवायची आणि पेटत्या तोड्याने, म्हणजे दोरीच्या वातीने, ती पेटवायची, अशी तिची रीत. नळी आठ पैलूंची, काळसर आणि उंचीने माझ्या छातीपर्यंत.

त्यांचे गाव त्सुकुबा शहराच्या उत्तरेस, डोंगराच्या पायथ्याशी. नोव्हेंबरच्या मध्यास तिथे शिकारीचा हंगाम सुरू होतो. शिकार अर्थातच आजच्या बंदुकींनी आणि रीतसर परवान्यांनी होते. परंतु पहिल्या सकाळी डोंगरावरच्या लहान देवळासमोर ही जुनी बंदूक एकदा उडवतात. तीत गोळी नसते. दारू आणि कागदाचा बोळा, एवढेच. तो बार झाल्याशिवाय गावातला कोणताही शिकारी आपली बंदूक पेटीतून काढत नाही. बार उडवण्याचे काम चाळीस वर्षे ठासणीवाल्यांकडे होते.

आमची ओळख माझ्या कोटामुळे झाली. मी धातुशास्त्राचा माणूस. त्सुकुबातील एका संशोधन संस्थेत नोकरी केली आणि तिथेच निवृत्त झालो. रविवारी डोंगराच्या वाटेने चालण्याचा माझा नेम होता. एका नोव्हेंबरात एक ठेंगणा वृद्ध गृहस्थ वाटेवर आडवा आला, त्याने स्वतःच्या डोक्यावरची नारिंगी टोपी काढली आणि माझ्या हातात दिली.

“तपकिरी कोट घालून या दिवसांत फिरू नका,” ते म्हणाले. “मागून तुम्ही रानडुकरासारखे दिसता. पुढूनही फारसा फरक नाही.”

ही ओळख पुढे बारा वर्षे टिकली. पहिल्या हिवाळ्यात ते आमच्या घरी रानडुकराचे मांस घेऊन आले. माझी पत्नी शाकाहारी. तिने दोन्ही हातांनी पुडके घेतले, आभार मानले आणि ते गेल्यावर मला विचारले की आता याचे काय करायचे. मी शेजाऱ्यांना दिले. कसे कोण जाणे, ठासणीवाल्यांना ते कळले. त्यांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही. पुढच्या हिवाळ्यापासून मुळे, आळंबी आणि काकी नावाची तिकडची नारिंगी फळे येऊ लागली.

हंगामाच्या महिनाभर आधी बंदुकीची तयारी सुरू होई. ती पाहायला मी जात असे. पेटीतून बंदूक काढली की पहिले काम ठरलेले. गज हलकेच नळीत सोडायचा. गजावर एक खूण कोरलेली होती. नळी रिकामी असेल तर खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येई. आत काही असेल तर खूण वर राही. खूण पाहिल्याशिवाय ते फडक्यालाही हात लावत नसत. मध्ये उठून पाणी पिऊन आले, तरी पुन्हा गज आणि पुन्हा खूण. मी एकदा म्हणालो की आत्ताच तर तुम्ही पाहिले.

“पाहिलं ते मी,” ते म्हणाले, “आणि मी आता ब्याऐंशी वर्षांचा आहे.”

नळी उकळत्या पाण्याने धूत. त्यासाठी एक किटली वेगळी ठेवलेली होती. तिच्यात चहाचे पाणी ठेवलेले त्यांच्या पत्नीलाही चालत नसे. पाणी नळीतून काळे येई, मग राखाडी, मग स्वच्छ. स्वच्छ आल्यावर आणखी दोनदा. गरम नळी आपोआप कोरडी होते, फडक्याने पुसलेली कधीच पूर्ण कोरडी होत नाही, हे त्यांचे म्हणणे मला शास्त्राच्या दृष्टीने मान्य होते. शेवटी कॅमेलियाच्या बियांचे तेल, तेही बोटाने. तोडा सुती दोरीचा, घरीच वळलेला. तो पावसाळी दिवशी पेटवून पाहत. कोरड्या दिवशी काय, काहीही जळते, असे म्हणत.

एकदा तोक्योच्या एदोगावा भागातून आमच्या ओळखीचा एक पुण्याचा संगणक अभियंता डोंगर पाहायला आला होता. तिशीचा, हुशार, बोलका. मी त्याला ठासणीवाल्यांकडे नेले. बंदूक हातात मिळताच त्याने ती खांद्याला लावली आणि फोटो काढणाऱ्या बायकोवर रोखली. ठासणीवाले उठले, नळी खालून धरून जमिनीकडे वळवली आणि बंदूक काढून घेतली.

“अहो काका, लोडेड नाहीये ना ती? मग टेन्शन कशाला घेतायत हे?” अभियंता मला म्हणाला.

मी भाषांतर केले. ठासणीवाल्यांनी त्याच्यासमोर चहा ठेवला.

“त्यांना सांगा, माझे चुलत आजोबा रिकाम्या बंदुकीनंच गेले.”

बंदूक त्या दिवशी पुन्हा बाहेर आली नाही.  

सहा वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या सुरुवातीस, ठासणीवाले स्वतः माझ्या घरी आले. येताना सून बरोबर होती. काओरी-सान तिचे नाव. पतीच्या निधनानंतर ती सासऱ्यांकडेच राहिली होती, पंचायतीच्या कचेरीत नोकरी करी आणि शिकारीचा परवाना तिने स्वतःच्या हिमतीवर काढला होता. ठासणीवाल्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता.

“तोडा आता स्थिर धरवत नाही,” ते म्हणाले. “या वर्षीपासून बार ही उडवणार. सरकारी परवानगी हिच्या नावावर आली आहे.”

मी अभिनंदन केले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि कापडात गुंडाळलेली नुसती नळी टेबलावर ठेवली, तोंड भिंतीकडे करून.

“गेल्या वर्षीचा आवाज मला आवडला नाही. ही फुटेल की नाही, ते सांगा.”

मी म्हणालो की हा प्रश्न यापूर्वी विचारायला हवा होता.

“चाळीस वर्षं गाल माझा होता, सेन्सेई. तेव्हा विचारायची गरज वाटली नाही.”

ते मला सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. ही बंदूक गालाशी टेकवून उडवतात. नळी फुटली तर कोणते नुकसान होईल, हे धातुशास्त्रज्ञाला सांगावे लागत नाही. काओरी-सान खिडकीबाहेर पाहत होती.

निवृत्तीनंतरही संस्थेत मला एक टेबल आणि काही यंत्रे वापरण्याची मुभा होती. ध्वनिलहरींनी धातूच्या आतला दोष शोधणारे यंत्र त्यांत होते. ठासणीवाल्यांनी नोंदणीचा दाखला बरोबर देऊन नळी माझ्या हवाली केली. मी वरचा पैलू टोकापासून टोकापर्यंत तपासला. मागच्या भागात, जिथे दारू पेटते तिथे, यंत्राने एकापुढे एक असे पाच ठिकाणी दोष दाखवले, सर्व एका सरळ रेषेत. मी त्यांतून पट्टीने रेघ ओढली. नळीच्या लांबीने जाणारी भेग. असल्या भेगेची नळी सोललेल्या केळ्यासारखी उघडते. मी एक पानाचा अहवाल लिहिला. शेवटचे वाक्य होते: ही बंदूक उडवू नये.

अहवाल घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो काओरी-सानकडून मोठ्याने वाचून घेतला. वाद घातला नाही. मला वाद अपेक्षित होता आणि त्याची उत्तरे तयार होती. त्यांनी नळी दोरीने ओसरीच्या तुळईला टांगली आणि लाकडी दांडीने हलकेच ठोकली. आवाज स्वच्छ आला आणि बराच वेळ राहिला. माझी आई बाजारात माठ घेताना असाच बोटाने वाजवून घेत असे. मी म्हणालो की आवाज हा पुरावा नव्हे.

“नसेल,” ते म्हणाले. मग त्यांनी वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडली, झाडूच्या दांड्याभोवती तिरकी गुंडाळली आणि दांडा माझ्यापुढे आडवा धरला. “आतली नळी एक. तिच्यावर तापवलेल्या लोखंडाची पट्टी अशी गुंडाळत आणि घणाने एकजीव करत. माझ्या आजोबांनी सांगितलेलं. सेन्सेई, तुमची भेग सरळ चालते की अशी फिरत जाते?”

ते मला ठाऊक नव्हते. नळीला आठ पैलू होते. मी एक तपासला होता. पाच बिंदू पाहिले, आणि त्यांना जोडणारी रेघ माझी होती. यंत्राने ती दाखवलेली नव्हती. तरुण सहकाऱ्यांचे कित्येक शोधनिबंध मी याच कारणासाठी परत पाठवलेले होते.

“म्हणजे ती सुरक्षित आहे, असं तुमचं म्हणणं?” मी विचारले.

“मला ठाऊक असतं तर तुमच्याकडे आलो असतो का?”

मी नळी परत घेतली. त्यानंतरचे चार दिवस आठही पैलू बोट-बोट अंतराने तपासले. दुसऱ्या पैलूवरचे दोष पहिल्यापेक्षा थोडे पुढे सरकलेले होते. तिसऱ्यावर तेवढेच आणखी पुढे. आठ पैलू संपले तेव्हा रेघ नळीभोवती मळसूत्रासारखी फिरून पहिल्या पैलूवरच्या पुढच्या बिंदूला मिळाली. तो पट्टीचा सांधा होता. तो बाहेरच्या थरात सुरू होई आणि तिथेच थांबे. आतल्या नळीला त्याचा कोठेही स्पर्श नव्हता. नळीचे मागचे टोक बंद करणारे आट्यांचे बूच तेलात भिजवून, चार दिवस धीर धरून, काओरी-सानने स्वतः सोडवले. आटे शाबूत निघाले. गेल्या वर्षीच्या आवाजाचे कारणही तिथेच सापडले: बुचाभोवती साचलेली जुनी काजळी.

मी पहिला अहवाल फाडला नाही. त्यावर ‘चुकीचा’ असे लिहून, सही करून, दुसऱ्या अहवालाला जोडला. दुसऱ्यात लिहिले की नेहमीच्या निम्मी दारू भरून ही बंदूक उडवण्यास हरकत नाही. ठासणीवाल्यांनी दोन्ही कागद देवळाच्या पेटीत ठेवायला दिले. चुकीचा कशाला, असे मी विचारले. पुढच्या माणसाला उपयोगी पडेल, एवढेच ते म्हणाले.

पहिल्या दिवशी सकाळी देवळापाशी पंधरा-वीस शिकारी आणि एक पोलीस अधिकारी जमले होते. थंडी होती, वारा नव्हता. बार उडवणाऱ्याच्या डाव्या खांद्याशी बंदूक तयार करणाऱ्याने उभे राहायचे, अशी तिथली रीत आहे. मी मागे झाडांपाशी उभा होतो. ठासणीवाले माझ्याजवळ आले.

“तयारी या वेळी दोघांनी केली,” ते म्हणाले. “माझं काम मी केलं. कागद तुमचा आहे, आणि कागदाला तिथं उभं राहता येत नाही.”

मी जाऊन उभा राहिलो. ते माझ्या शेजारी, अर्धे पाऊल मागे. काओरी-सानने गज सोडला आणि खूण पाहिली. दारू घातली, कागद ठासला, गज पुन्हा सोडून खूण वर राहिलेली पाहिली. रंजक ठेवली, तोडा फुंकून लाल केला आणि चाप ओढल्यावर खाली येणाऱ्या घोड्यात अडकवला. मग तिने गाल टेकवला. तिच्या कानामागचे दोन पांढरे केस मला दिसत होते. माझ्या आकडेमोडीतला एकूण एक आकडा बरोबर होता, आणि त्या क्षणी त्यांतल्या एकावरही माझा विश्वास नव्हता.

तिने चाप ओढला. बार झाला. धूर आमच्या तिघांवरून मागे गेला. धूर सरला तेव्हा तिने बंदूक गालापासून काढली, तोंड जमिनीकडे केले आणि सासऱ्यांकडे वळून वाकली. तिच्या गालावर काजळीचा एक ठिपका होता. बाकी काही नव्हते.

“आवाज कसा होता?” तिने विचारले.

“माझ्यापेक्षा बरा,” ठासणीवाले म्हणाले, आणि देवळाच्या पायरीवर खाली बसले. त्या देवळासमोर त्यांना बसलेले यापूर्वी कोणी पाहिले नव्हते, हे मला पोलीस अधिकाऱ्याने सांगितले. माझ्याविषयी एवढेच की त्या दिवशी घरी आल्यावर मी तासाभरात तीनदा चहा मागितला, असे माझी पत्नी सांगते.

ठासणीवाल्यांना जाऊन आता तीन वर्षे होतील. शेवटच्या नोव्हेंबरात ते आजारी नव्हते, फक्त डोंगर चढू शकत नव्हते. तो प्रसंग मला काओरी-सानने नंतर सांगितला. हंगामाच्या आदल्या दिवसापासून बार होईपर्यंत ते कधी अंथरुणाला पाठ लावत नसत. बंदुकीजवळ बसून राहत. त्या वर्षी बार उडवून ती घरी परतली, तेव्हा ऊन ओसरीवर आले होते आणि घरात काही हालचाल नव्हती. ती घाबरून आत गेली. ते कुशीवर वळून गाढ झोपले होते. साऱ्या गावाने ऐकलेला आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता. तिने खांद्याला हात लावला.

“झाला का?” त्यांनी डोळे न उघडता विचारले.

“झाला.”

“बरं,” ते म्हणाले, आणि पांघरूण वर ओढून घेतले.