प्राचीला कुठला क्लास लावायचा?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात तर माझ्याच्यानं पुढचं सांगवणार नाही. घोळ माझाच आहे. आणि घातला कुठे, तर शेजारच्याच घरात!

मला एका खेळाचा नाद आहे. चारजणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि राक्षसांशी लढायचं. पात्र लढवय्या आहे की जादूगार, त्या प्रकाराला म्हणतात क्लास. कुठला क्लास भारी, यावर मी आणि उल्हासनगरचा माझा मित्र हरेश रोज संध्याकाळी फोनवर वाद घालतो. मी आमच्या हेंद्रेपाड्यातल्या घराच्या गॅलरीत, तो त्याच्या कापडाच्या दुकानात. आणि आमच्या गॅलरीला लागून गॅलरी आहे गायकवाड वहिनींची.

एक दिवस वहिनी घरी आल्या. म्हणाल्या, "भावजी, तुम्हाला क्लासमधलं बरंच कळतं. आमच्या प्राचीला कुठला बरा?"

मला भरूनच आलं हो! इतकी वर्षं झाली, पण माझ्या बायकोनंसुद्धा हे कधी विचारलं नव्हतं. विषय निघाला की नंदा कुकर लावायला उठते. त्या आनंदात 'कसला क्लास?' एवढं विचारायचं राहूनच गेलं.

मी विचारलं, पोरगी कशी आहे? वहिनी म्हणाल्या, हुशार आहे, पण ऐन वेळी घाबरते. मग काय, मी सुटलोच. म्हटलं, फायटर नको, तिथे नुसती दणादणी, डोकं चालवायचं कामच नाही. वहिनी म्हणाल्या, म्हणजे घोकंपट्टी. म्हटलं, तसंच समजा. आणि 'रोग' नावाच्या क्लासच्या तर वाटेला जाऊ नका, सगळा चोरीचा मामला. त्या म्हणाल्या, नावावरूनच कळतंय. क्लेरिक बरा, पण जन्मभर दुसऱ्यांची मलमपट्टी करत बसावं लागतं.

"क्लार्क नको," वहिनी घाईनं म्हणाल्या. "आम्ही दोघं तेच करतोय."

एवढं होऊनही माझी ट्यूब पेटली नाही, बोला!

"मग विझर्ड," मी निकाल दिला. "सुरुवातीला मार खाईल, पण पाचव्या लेव्हलनंतर तिच्यासमोर कुणी टिकायचं नाही."

कुठे असतो, त्यांनी विचारलं. म्हटलं, आमच्याकडेच, रविवारी पाठवा.

रविवारी मी टेबलावर नकाशा पसरला, चिमुकले राक्षस मांडले. बेल वाजली. दारात प्राची आणि बिल्डिंगमधल्या आणखी दोन मुली. तिघींच्या हातात दहावीचं बीजगणित.

प्राची राक्षसांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, विझर्ड क्लास हाच ना? या दोघी नुसत्या बघायला आल्यात, पण आईनं स्टेशनजवळच्या क्लासमधून माझं नाव काढलंय."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बीजगणितात मी स्वतः काठावर सुटलेला माणूस! तसाच शेजारी गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. नुसतं म्हणाल्या, "पोरीचं दहावीचं वर्ष आहे हो, भावजी."

मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी अंबरनाथच्या ऑफिसात दांडी मारली आणि वहिनींबरोबर त्या क्लासच्या सरांकडे गेलो. बॅच भरली होती. मग लाज बाजूला ठेवून झाला प्रकार फायटरपासून विझर्डपर्यंत सगळा सांगितला. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. त्यांनी प्राचीसाठी एक जादा खुर्ची टाकून दिली. वहिनीही हसल्या तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पण प्राचीला ते राक्षस आवडले होते. अभ्यास आटपला की रविवारी ती आमच्याकडे खेळायला यायला लागली. रविवारी दुकान बंद ठेवून खेळायला येणाऱ्या हरेशलाही नवीन भिडू मिळाल्याचा आनंद. मीही तिला क्लासमधले बारकावे अगदी मन लावून समजावत होतो.

मग तिच्या स्टेशनजवळच्या क्लासमध्ये संभाव्यतेचा धडा सुरू झाला. त्यात सगळी फाशांचीच गणितं. पुढच्या रविवारी प्राची कागदावर आकडेमोड करूनच आली. फायटर किती वेळा वाचतो, विझर्ड किती वेळा मरतो, सगळं मांडलेलं. माझा लाडका विझर्ड पाचवी लेव्हल बघायची शक्यता जवळजवळ नाहीच! हरेश म्हणाला, "मैं कबसे बोल रहा हूँ, हा ऐकतच नाही."

मी कागद उलटासुलटा करून पाहिला. चूक सापडेना. खरं सांगायचं तर काही कळतच नव्हतं.

प्राचीला माझी दया आली असावी. फासे माझ्या हातात देत म्हणाली, "काका, तुम्ही फायटरच घ्या. तुम्हाला झेपेल."