गुरुजींचा आंग्स्ट

"खिडकी लावू की उघडू?"

मी शिकवायचो त्या शाळेतले संस्कृतचे गुरुजी हिवाळाभर हेच विचारत. अकोल्यात आम्ही दोघं भिंतीला भिंत लावून राहायचो आणि समोर कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की रुईचे कण घराघरांत शिरत. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, दमा होता. खिडकी उघडली की रुईने खोकला, लावली की जीव घुसमटे. गुरुजी कडीला हात लावून नुसते उभे. वर्गात वाघ आणि घरी शेळी, असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल.

घाबरले की ते शब्द सांगायला लागत. जुन्या बाजारातून आणलेल्या व्याकरणावरून ते एकटेच जर्मन शिकले होते. "भीतीला जर्मन लोक आंग्स्ट म्हणतात. अरुंद म्हणजे त्यांच्याकडे एंग. लॅटिनमधला अंगुस्तुस, तोही अरुंदच. आणि आपल्या वेदातलं अंहस्, म्हणजे संकट, तेही त्याच कुळातलं. माणसं कुठल्या कुठं पांगली, पण भ्यायली की सगळ्यांना जागा अपुरी पडते!" हे सांगताना त्यांचा हात वहिनींच्या पाठीवरून फिरत असे.

"तुमचं जर्मन ठेवा तिकडं," वहिनी धापा टाकत म्हणत, "अन् पाठ चोळा जोरानं. काहून भेता एवढे? मी काई मरून नाई राहिली."

भीती मलाही वाटायची. ती धाप भिंतीपलीकडून ऐकू यायची आणि हातातला घास हातातच राहायचा. आवाज थांबला की बरं वाटून घ्यावं की धावत जावं, ते कळत नसे.

एका रविवारी दुपारी वहिनींचे ओठ निळे पडले आणि गुरुजींच्या हाकेसरशी मी धावत गेलो. "हिच्यापाशी बसा," असं मला सांगून गुरुजी अनवाणीच सायकलवर डॉक्टरांकडे निघाले. मी कडीला हात लावून उभा राहिलो आणि मलाही काही ठरवता येईना. माझाच गळा आवळत होता. गुरुजींचा शब्द मला तेव्हा कळला.

टांग्यातून डॉक्टर एकटेच उतरले. इंजेक्शन दिलं, धाप कमी झाली. मग त्यांनी मला ओसरीवर नेलं. "आधी तिच्याकडे जा," एवढं म्हणून गुरुजी दवाखान्याच्या दारातच कोसळले होते. ते गेले होते.

आतून हाक आली, "भाऊजी, हे कुठं राहिले?"

वहिनींचा श्वास आत्ता कुठे मोकळा झाला होता. मला आत जायची हिंमत होईना.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा जिनिंग जोरात चालू होतं. खिडकी सताड उघडी होती आणि गुरुजींच्या पुस्तकांवर रुई बसली होती. मी कडीला हात घातला.

"राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणत, भेव म्हंजे अरुंद जागा. त्याईले काय मालूम? पाहा ना, घर केवढं मोठं झालं. मले भेव लागते."